जुळत नसलं तरी जोड

सोमवार, ७ जुलै २०२५

ऑफिसमधला जुना बिल्डचा पीसी शुक्रवारी बंद पडला होता. आज डेटा रिकव्हरीवाल्यानेही हात टेकले. आमचा प्रोग्राम गिटवर, म्हणजे ऑनलाइन साठ्यात आहे, त्याची काळजी नाही. पण तो चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्या एकाच मशीनवर होता. २०२३ मध्ये मीच बांधलेला.

हर्षल सरांनी विचारलं, "तयार डाउनलोड होत नाही का?" कंपनी त्यांची, अंबडच्या एमआयडीसीत एका गाळ्यात, माणसं आम्ही सहा. अंडी उबवायच्या मशीनचे कंट्रोलर बनवतो. मी सांगितलं, तयार मिळतो, पण आमच्या चिपसाठी त्याच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, केलेले बदल त्यात नाहीत. पहिल्यापासून बांधावा लागेल.

"एकदा केलंयस ना निकिता, मग आता अर्ध्या वेळात होईल." पुढच्या महिन्यात चाळीस कंट्रोलर जायचेत.

जेवताना बाबांना समजावलं. चिप एवढीशी, तिच्यावर बसून प्रोग्राम तयार करता येत नाही. तो मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायचा आणि तिथेच चिपला कळेल असा करायचा. हे करणारं जे अवजार, तेच आधी आपण तयार करायचं. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, आयुष्य मशीनवर गेलं. म्हणाले, "म्हणजे लेथवर लेथ बनवायचं."

अगदी तसंच.

बुधवार, ९ जुलै

तीनदा फेल. पहिल्यांदा, माहितीपुस्तिका तयार करणारा एक फुटकळ प्रोग्राम मशीनवर नाही म्हणून अख्खं बांधकाम थांबलं. दुसऱ्यांदा, कंपायलरने चिपच्या फायली सोडून पीसीच्याच उचलल्या. फायलींचा पाथ माझ्याकडून चुकला होता. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं छान चाललं आणि मेमरी संपली. एका वेळी आठ कामं लावली होती, चार लावली तर चाललं.

खरं सांगायचं तर मजा येत होती. बऱ्याच दिवसांनी असं काम, की चूक नेमकी कुठे आहे ते समोर लिहून येतं.

हे बांधकाम पायरीपायरीने करून देणारी जुनी स्क्रिप्ट गिटवर आहे. पण ती न उघडता सगळं नव्याने करायचं ठरवलंय. जुनं काहीबाही त्यात आलेलं असतं, ते कशाला परत आणायचं.

गुरुवार, १० जुलै

पहिल्या टप्प्याचा कंपायलर झाला. त्याने लायब्ररी बांधली. आता त्या लायब्ररीवर पूर्ण कंपायलर. एका फेरीला एक तास दहा मिनिटं लागतात. तोवर मी चहा घेते आणि उगाच स्क्रीनकडे बघत बसते.

बाबांनी आज भाताचा घास घेता घेता विचारलं, "तुमच्याकडचे ते कोंडाजी. घोटीचा तांदूळ आणून द्यायचे. हल्ली येत नाहीत ते?"

मी म्हटलं, "त्यांनी नोकरी सोडली."

"कधी?"

"झाली दोन वर्षं."

"चांगला माणूस होता. घरातला पंखा दुरुस्त करून गेला होता, चहाशिवाय काही घेतलं नाही."

मी ताक वाढून घेतलं.

शुक्रवार, ११ जुलै

कंपायलर झाला. चार वाजता आमचा प्रोग्राम त्यातून काढला. सगळ्या फायली बिनतक्रार उतरल्या, आणि शेवटी तुकडे एकत्र जोडताना लिंकर अडला. म्हणाला, सेन्सर कंपनीची लायब्ररी आणि आमचा प्रोग्राम जुळत नाहीत. दशांश आकडे एकमेकांना द्यायची दोघांची पद्धत वेगळी आहे.

नवीन एरर दिसतेय. नव्या व्हर्जनमुळे असेल. सोमवारी बघू, रविवारी ऑफिस असतं पण मी सुट्टी टाकायच्या विचारात आहे. डोकं दुखतंय.

शनिवार, १२ जुलै

अंबडला शनिवारी सुट्टी असते. घरीच.

काल मी लिहिलं की ही नवीन एरर आहे. ते खरं नाही. ही एरर मी पाहिलेली आहे. कोणी वाचत नाही अशा वहीत मी हे का लिहिलं, ते मला कळत नाही.

आज सकाळी जुनी स्क्रिप्ट उघडली. ओळ एकशे बारा. त्या ओळीत लिंकरला एक सूचना दिलीय. तिचा अर्थ एवढाच, की तुकडे जुळत नसले तरी तक्रार करू नको, जोडून टाक. तारीख १९ जून २०२३. नाव माझं. बदलाचं कारण म्हणून मी दोन शब्द लिहिलेत, 'बिल्ड फिक्स'.

तेव्हा सर मागे उभे होते, माल गाडीत भरायचा होता. मला नीट आठवतं. मी विचार केला होता की चालतंय तर चालू दे, नंतर बघू. जोडलं, चाललं. माल गेल्यावर टेबलावर आठवडाभर चालवून पाहिलं, आकडे बरोबर होते. मग मी विसरले. विसरले असं आत्तापर्यंत वाटत होतं.

रविवार, १३ जुलै

सुट्टी टाकली नाही. ऑफिसला गेले आणि जुन्या कंट्रोलरपैकी एक टेबलावरच्या चाचणीच्या पेटीला लावला.

सेन्सरची लायब्ररी आम्ही एकाच कामासाठी वापरतो. हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेली की तापमानाचा आकडा थोडा दुरुस्त करावा लागतो, ती दुरुस्ती तिच्यात आहे. अंबडच्या गाळ्यात पंच्याऐंशी कधी होत नाही. आज मी आर्द्रता हाताने ब्याण्णव दिली.

पेटीतलं खरं तापमान ३८.९. कंट्रोलर दाखवतोय ३७.२. आमचा प्रोग्राम आकडा एका खणात ठेवतो, लायब्ररी दुसऱ्याच खणात हात घालते आणि तिथे आधीचं जे पडलं असेल ते उचलते. म्हणून आकडा वेडावाकडा येत नाही. येतो तो मघाचा, जुना, अगदी खरा वाटणारा. कंट्रोलरला वाटतं अजून गार आहे, आणि तो हीटर बंदच करत नाही.

तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

आता ते लिहूनच टाकते. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी रस्त्याला सुलाबाईंच्या हॅचरीत साडेचार हजार अंडी एका दिवसात भाजली गेली. अठरावा दिवस होता, आत पिल्लं तयार झालेली. आदल्याच दिवशी कोंडाजी तिथे सेन्सरची वायर बदलून आले होते. इगतपुरीचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे, भिंतींना ओल धरते, पण तेव्हा कोणी पावसाचा विचार केला नाही. वायर आदल्या दिवशी बदललेली, मग दुसरं कारण शोधतो कोण? अहवाल मी लिहिला. 'सेन्सरची जोडणी ढिली राहिल्याची शक्यता.' सरांनी 'शक्यता' काढून टाकलं. सही माझी होती.

सरांनी कोंडाजींना केबिनमध्ये बोलावलं, मी बाहेर होते. पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले, टेस्टर आणि पक्कड टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "येतो मॅडम." चौदा वर्षं होते ते कंपनीत.

मी 'शक्यता' लिहिलं होतं. हे मी गेली दोन वर्षं स्वतःला सांगत आलेय.

सोमवार, १४ जुलै

सरांना दाखवलं. पेटी, दोन थर्मामीटर, सगळं. त्यांना लगेच कळलं, ते मूळचे इंजिनिअरच आहेत.

मग म्हणाले, "नव्या बिल्डमध्ये नीट होईल ना?"

"होईल."

"मग नीट कर."

"सर, बाहेर एकतीस मशीन आहेत जुन्या बिल्डवर."

"सर्व्हिसला माणूस जाईल तेव्हा अपडेट टाकू. कारण सांगत बसायची गरज नाही."

"आणि कोंडाजी?"

"दोन वर्षं झाली निकिता. ते लागले असतील कुठेतरी." पुढे म्हणाले, "मला काय बरं वाटलं होतं का तेव्हा?"

मी बरं म्हणाले आणि जागेवर आले. का बरं म्हणाले? चाळीस कंट्रोलरची घाई आहे, एक काम आधी संपवू, असं मनाशी म्हटलं. आज पेपरात इगतपुरीच्या पावसाची बातमी होती. ती मी वाचली नाही, घडी घालून ठेवली.

गुरुवार, १७ जुलै

तीन दिवस पूर्ण टूलचेन, म्हणजे हा सगळा अवजारांचा संच, दुसऱ्या पद्धतीने बांधली. सेन्सरवाले त्यांची लायब्ररी बदलून द्यायला महिना मागतात, म्हणून आमचंच सगळं त्यांच्या पद्धतीवर आणलं. कंपायलर, लायब्ररी, पुन्हा कंपायलर. मध्ये दोनदा मागच्या बांधकामातले जुने तुकडे नव्यात मिसळले, तेव्हा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. लिंकरला ती जुनी सूचना या वेळी नाही टाकली. दुपारी लिंकरने तक्रार न करता जोडलं. आर्द्रता ब्याण्णव दिली, पेटी ३८.९, कंट्रोलर ३८.९. हीटर बंद.

सर खूश झाले. सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेले. मी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तो तसाच विरघळला. सरांनी विचारलं, "तिखट लागतंय का?" मी हो म्हटलं.

बांधकाम संपलं की कोंडाजींना सांगेन, असं ठरवलं होतं. आता संपलंय.

शनिवार, १९ जुलै

घोटीला जाऊन आले.

एसटीत दोनदा वाटलं की उतरून परत जावं. कोंडाजींचं घर बाजाराच्या मागे आहे, विचारत विचारत गेले. त्यांच्या पत्नी कलाबाई दारात पातेलं घासत होत्या. मला ओळखलं नाही. कंपनीचं नाव घेतल्यावर मात्र हात थांबला.

"ते मिलवर गेल्यात. येतील एवढ्यात. बसा." बसायला काही दिलं नाही, मी ओट्यावर बसले.

कोंडाजी भाताच्या मिलमध्ये गोण्या मोजायला आहेत. अंगावर कोंड्याची पांढरी पूड. मला बघून हसले, आधीसारखंच. "मॅडम, तुम्ही? बाबा बरे हायेत ना?"

मी पाणी घेतलं आणि सांगितलं. आधी ठरवून आलेलं एकही वाक्य आठवलं नाही. कंपायलर, लायब्ररी असं काहीतरी सुरू केलं. मग थांबले आणि म्हटलं, "कोंडाजीभाऊ, चूक वायरची नव्हती. माझ्या प्रोग्रामची होती. तुमच्या हातून काही झालं नव्हतं."

त्यांनी विचारलं, "म्हंजे स्क्रू घट्ट होता?"

"घट्ट होता."

"नक्की?"

"नक्की. मी करून पाहिलं, चार वेळा."

ते खाली बघत राहिले. "दोन वर्षं मी तो स्क्रू रोज आवळतोय मॅडम. गोणी मोजताना, जेवताना. मला आठवायचं, मी आवळला व्हता. मग वाटायचं, नसल आवळला. पाऊस व्हता, घाई व्हती. चष्मा पण नव्हता त्या दिवशी. शेवटी मीच म्हनलं, आपलाच हात चुकला."

कलाबाई आतून म्हणाल्या, "तवापास्नं घरातला बल्बसुदिक बदलत नाय ते. शेजारच्या पोराला बोलावते मी."

"तू गप," ते म्हणाले.

"का गप? आन् ह्या बाईंना कधी कळलं म्हनं हे?"

मी सांगितलं, मागच्या रविवारी.

"आज शनवार हे," कलाबाई म्हणाल्या.

मी कोंडाजींना परत कंपनीत यायचं विचारलं, सरांशी मी बोलेन म्हणाले. कोंडाजींनी मान हलवली. "ते नको. पन एक करा. हितं माझ्या घरात सांगून काय उपेग? ज्यांची अंडी गेली त्यास्नी सांगा. मी येतो संगं. माझ्यासमोर सांगा."

निघताना मी म्हटलं, "तेव्हाच बोलायला हवं होतं मी." मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या. त्यांनी तसं म्हटलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला मात्र आले.

रविवार, २० जुलै

सकाळी आधी यादी काढली आणि एकतीस ठिकाणी फोन लावायला बसले. सांगितलं, हवेत ओल जास्त असेल तर कंट्रोलरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, साधा थर्मामीटर आत ठेवा, आम्ही या आठवड्यात येतोय. चूक आमची आहे, माझी आहे. सुलाबाईंना फक्त थर्मामीटर ठेवायला सांगितलं, बाकीचं त्यांना समोर जाऊन सांगायचंय. बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं. चांदवडच्या एकाने शिवी दिली.

नामपूरचे एक म्हातारे म्हणाले, "मागल्या वर्षी आमची एक बॅच गेली होती. आम्ही म्हटलं अंडीच वाईट. ज्याच्याकडून घेतली त्याच्याशी बोलणं बंद केलंय आम्ही." मग म्हणाले, "माझा मेहुणाच आहे तो."

मी मेहुण्याचं नाव लिहून घेतलं. माझ्या यादीत हे नव्हतंच. किती असतील असे?

मग सगळ्या ग्राहकांना द्यायचं पत्र लिहिलं. काय चुकलं, कोणाकडून, केव्हा. कोंडाजींचा दोष नव्हता, हे नाव घालून लिहिलं. सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"फोन करून झाले?"

"हो."

"विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मी बरं म्हणाले असते."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पाठव. खाली तुझीच सही राहू दे. माझं नाव नको."

मी पाठवलं, सुलाबाईंचं तेवढं मागे ठेवलं. मागच्या अहवालावरही माझीच सही होती. पण आज मजकूर मी लिहिला तसाच गेला.

सर्व्हिसची गाडी उद्यापासून फिरणार. पहिल्या दिवशी इगतपुरीकडच्या सहा मशीन करायला सांगितल्यात, ते सरांनीच.

मंगळवार, २२ जुलै

रजा टाकून सुलाबाईंकडे गेले. कोंडाजी घोटीच्या फाट्यावर छत्री घेऊन उभे होते. स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. रिक्षा करून निघालो.

हॅचरीच्या फाटकाशी आल्यावर ते थांबले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

"तुमच्यासमोर सांगायचं होतं ना?"

"हितनं ऐकू येतंय." येत नव्हतं. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

मी आत गेले. सुलाबाई पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हातात पिल्लांचा ट्रे. तेव्हाच्या नुकसानीनंतर त्यांनी वर्षभर मशीन बंद ठेवलं होतं, मग परत सुरू केलं. आमचाच कंट्रोलर, काल अपडेट झालेला. सर्व्हिसच्या माणसाने काय सांगितलं, विचारलं तर म्हणाल्या, "नवीन काहीतरी टाकलं म्हनला."

मी सगळं सांगितलं. या वेळी लायब्ररी वगैरे काही नाही. माझ्या हाताने एक तपासणी बंद केली होती, म्हणून मशीनला उष्णता कळली नाही. कोंडाजींनी वायर बरोबर जोडली होती. अहवाल मी लिहिला, तो चूक होता.

सुलाबाईंनी ट्रे खाली ठेवला. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. निदान तेवढं व्हावं असंही वाटत होतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"त्या दिवशी पिल्लं सांगून ठेवायला धा-बारा बाया आल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या म्होरं बोलले मी त्याला. लय बोलले. त्याच्या आईवरनं बोलले. तो हात जोडून उभा. ताई माझीच चूक असंल, म्हनला. आन् मंग फावडं घेतलं आन् मागं खड्डा खनला. साडेचार हजार अंडी त्यानं एकट्यानं पुरली. मी काय सांगितलं नव्हतं त्याला."

खड्ड्याचं मला माहीत नव्हतं. अहवालात एक रकाना असतो, 'घटनास्थळी केलेली कार्यवाही'. तो मी रिकामा सोडला होता.

"कुठं हाय तो आता?"

मी फाटकाकडे बोट दाखवलं.

त्यांनी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली आणि बाहेर गेल्या. मी दारात थांबले. कोंडाजींनी त्यांना येताना पाहिलं तशी छत्री मिटली, का कोण जाणे, आणि दोघंही पावसात उभे राहिले. सुलाबाई बोलत होत्या. मग कोंडाजी बोलले, बराच वेळ, हाताने काहीतरी दाखवत. एकदा सुलाबाईंनी तोंडाला पदर लावला. एकदा दोघंही माझ्याकडे वळून बघतील असं वाटलं आणि मी मान खाली घातली. पण त्यांनी बघितलं नाही. माझ्या मागे मशीनमध्ये पिल्लांचा चिवचिवाट चालला होता, त्यात त्यांचं बोलणं काहीच ऐकू येत नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सुलाबाई मागच्या बाजूने घरात गेल्या, माझ्याजवळून नाही. कोंडाजी दाराशी आले, शर्ट पूर्ण भिजलेला.

"चला मॅडम. साडेतीनची गाडी चुकंल तुमची."

रिक्षात मी विचारणार होते, काय म्हणाल्या? विचारलं नाही. मला ते विचारायचा हक्क नाही. ते बाहेर बघत होते, आणि फाटा येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.